तिसऱ्या बटणाचा निरोप

होळीच्या आदल्या शनिवारी आमच्या गल्लीतील विजेच्या तारा दोन खांबांमध्ये झोळीसारख्या लोंबू लागल्याचे वीज कार्यालयास तोंडी कळवले. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी तेच लेखी कळवले. अक्षयतृतीयेच्या आठवड्यात स्मरणपत्र दिले. बुद्धपौर्णिमेनंतरच्या गुरुवारी दुपारी वारा सुटला, तार तुटली आणि दिवे लागण्यापूर्वी माझे शेजारी मास्तर गेले. नागपंचमीच्या सुमारास चौकशीचा अहवाल आला. पोळा आटोपल्यावर माहितीच्या अधिकारातील अर्जाचे उत्तर आले. दसऱ्यानंतरच्या सोमवारी माझ्या शेजाऱ्यांचे यंत्र त्या कार्यालयात जमा झाले व आजतागायत तेथेच आहे. या सर्वांच्या तारखा, आवक क्रमांक आणि शिक्के माझ्या फाइलीत आहेत. ज्यास पाहावयाचे असतील त्याने पुलगावला येऊन पाहावेत. येथे सणवार दिले ते एवढ्यासाठी की आमच्या गल्लीला हे दिवस तसेच आठवतात.

आता जबाबदार व्यक्ती. पहिला, तारा ताणून बसवण्याचे काम ज्याच्याकडे होते आणि ज्याने ते केले नाही, तो ठेकेदार. दुसरा, तक्रार कक्षातील तो कर्मचारी ज्याने माझ्या शेजाऱ्यांच्या फोनचा क्रमांक बंद यादीत टाकला, आणि त्याला संमती देणारा त्याचा वरिष्ठ. तिसरा, अहवालाखाली सही करणारा उपअभियंता. चौथी, आमची सगळी गल्ली. पाचवा मी. माझे नाव शेवटी आले याचा अर्थ माझा वाटा लहान आहे असा कोणी करू नये.

अहवालातील तीन वाक्ये जशीच्या तशी देतो. "मृत इसमाने राहत्या घरी अनधिकृत स्वयंचलित उपकरणे व बॅटरी जोडलेली होती. सदर बॅटरीतील वीज उलट दिशेने वाहून तुटलेल्या तारेत उतरल्याने अपघात घडला. घटनेपूर्वी कार्यालयास कोणतीही तक्रार प्राप्त नाही." म्हणजे माणूस मेला तो स्वतःच्याच छंदाने मेला, आणि त्याने कोणाला सांगितलेही नाही. तिसरे वाक्य तर माझ्या दोन पत्रांवर त्याच कार्यालयाचे शिक्के असताना लिहिलेले आहे. ही वाक्ये खोडली जावीत एवढाच या लेखनाचा हेतू आहे. परंतु ती खोटी का आहेत हे कळण्यासाठी तो माणूस कसा होता हे आधी कळले पाहिजे.

ते मूळचे रोहण्याचे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वायरमनच्या वर्गाला शिकवण्यात त्यांची नोकरी गेली. गल्ली त्यांना मास्तर म्हणे. शर्टाच्या खिशात लोक पेन लावतात, तेथे त्यांचा टेस्टर असे. लग्नातही असे, बुद्धविहारातही असे. पेन लागले की ते माझे घेत आणि परत देताना टोपण नीट बसले की नाही हे दोनदा पाहत. परक्या घरी गेले की लोखंडाच्या कोणत्याही वस्तूला ते हात लावीत नसत. पलंग असो, खिडकीचे गज असोत, आधी टेस्टर टेकवायचा, त्यातला दिवा लागला नाही की मग बसायचे.

मी दिवाणी न्यायालयातून नाझर म्हणून निवृत्त झालो आणि या गल्लीत घर घेतले. सामान उतरवून पहिला दिवस होता. उन्हाळा चढू लागला होता, म्हणून कूलर लावून ठेवला होता. मास्तर दारात आले, आत आले नाहीत. वाकून लांबूनच त्यांनी कूलरच्या पत्र्याला टेस्टर टेकवला.

"हात लावला का जी याले?"

"अजून नाही."

"मंग वाचले. बॉडीत करंट येऊन राह्यला."

मी विचारले, आपण कोण?

"शेजारी. नाव मंग सांगतो. आधी प्लग काढा."

त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या अंगणात खड्डा खणला, त्यात मीठ आणि कोळसा भरला, तांब्याची तार पुरली आणि तिचे दुसरे टोक कूलरला जोडले. मग कूलरवर पांढऱ्या खडूने बरोबरची खूण केली. दर वर्षी कूलर बाहेर निघाले की ते गल्लीतील प्रत्येक घरी जात आणि तपासून झालेल्या कूलरवर ही खूण करत. खूण नसलेल्या कूलरसमोर आमच्याकडे कोणी झोपत नसे. एका घरातल्या सूनबाई म्हणाल्या, "मास्तर, आमचा कूलर नवा आहे." मास्तर खडू खिशात न ठेवता म्हणाले, "नवा साप चावत नाई का बाई?" आणि आत गेले.

त्यांचे घर दोन खोल्यांचे आणि पुढे ओसरी. पण त्या घरात शिरताना घर बोलू लागे. फाटकाची कडी वाजली की आतून मास्तरांचा आवाज येई, "जय भीम. कोन आहे? थांबजा, येऊन राह्यलो." मास्तर समोर ओट्यावर माझ्याशी बोलत बसलेले असले तरी येई. पाण्याची टाकी भरली की, "टाकी भरली. मोटार बंद केली." गॅस बराच वेळ सुरू राहिला की, "गॅस पाय बरं." हे सारे त्यांनी स्वतःच्या आवाजात बोलून ठेवले होते. यंत्रणा म्हणजे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांमध्ये बसवलेले छोटे सर्किट बोर्ड, भिंतीवरून नेलेल्या नळ्या आणि एक जुना संगणक, ज्याचे झाकण कायमचे काढलेले असे आणि ज्याच्यावर टेबलफॅन सोडलेला असे. प्रत्येक डब्यावर नेलपॉलिशने आकडा घातलेला होता. ते नेलपॉलिश आणताना दुकानदाराने हसून पाहिले तेव्हा ते म्हणाले होते, "पुसत नाई, म्हनून घेऊन राह्यलो. तुमी काय समजले?"

हा नुसता शौक नव्हता, जरी शौक होताच. त्यांच्या पत्नीची नजर मधुमेहाने गेली होती. ताईंना उजेड आणि अंधार एवढेच कळे. मास्तर नोकरीवर असताना एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला आणि ताईंना ते कळले नाही. त्या दिवसापासून घराला तोंड फुटले. औषधाच्या वेळी यंत्र म्हणे, "गोळी घेतली का? खोटं नको सांगू." ताई स्वयंपाकघरातून उत्तर देत, "घेतली ना बापा." मी एकदा मास्तरांना विचारले की त्यांचे उत्तर यंत्राला कळते काय.

"नाई जी. मशीनले कान नाई. फक्त तोंड आहे."

"तुमच्यावानीच हाये मंग," ताई आतून म्हणाल्या.

त्यांच्या नागपूरच्या भाच्याने एक बोलणारा गोल डबा भेट आणला होता. त्याला हुकूम केला की तो दिवे लावी. मास्तरांनी तो दोन दिवस वापरला, तिसऱ्या दिवशी उघडून त्यातले भाग वेगळे केले. म्हणाले, "थे बाई दूर कुठंतरी इचारून येते अन् मंग दिवा लावते. नेट गेलं की अंधार. माह्या घरचा दिवा माह्या घरच्यानंच लागला पायजे." स्वतःच्या खिशात मात्र त्यांनी मोबाइल कधी ठेवला नाही. घरात एकच सिमकार्ड होते आणि ते यंत्रात होते. "फोन घराले पायजे. मले काऊन?" असा त्यांचा प्रश्न असे. या वाक्याचे पुढे काय झाले ते सांगायचे आहे.

आता अहवालातील "उलट दिशेने वाहणाऱ्या" विजेकडे येतो. त्यांच्या घरी बॅटरी होती, हे खरे. लाइन गेली की घरातले दिवे आणि यंत्र बॅटरीवर चाले. अशा घरात बॅटरीची वीज चुकून बाहेरच्या तारेत जाऊ शकते आणि खांबावर चढलेला लाइनमन मरू शकतो, हे त्यांनी आपल्या वर्गातील किती मुलांना शिकवले असेल कोण जाणे. म्हणून त्यांनी बाहेरच्या लाइनचा खटका आणि बॅटरीचा खटका शेजारी शेजारी बसवून मध्ये सागवानाचा एक सरकता तुकडा ठेवला होता. एक खटका वर केला की तो तुकडा दुसऱ्याच्या मार्गात येऊन बसे. दोन्ही एकाच वेळी सुरू करणे हाताने शक्य नव्हते. ज्या माणसाने टाकीपासून फाटकापर्यंत सर्व काही यंत्रावर सोपवले त्याने एवढ्या एका जागी लाकूड का वापरावे, असे मी विचारले.

"इथं मशीन चुकली तं दुसऱ्याचा मानूस मरन. माह्या घरचा मेला तं माही चूक. दुसऱ्याचा मेला तं काय सांगू?"

लाइन गेली की ते स्वतः उठून, तुकडा सरकवून, बॅटरी सुरू करत. यंत्र तोवर स्वतःच्या लहान बॅटरीवर बोलत राही. हे लाकूड आजही भिंतीवर आहे. चौकशी अधिकाऱ्याने ते पाहिले नाही, कारण तो घरात आलाच नाही.

आमची दोघांची गट्टी जमली ती नोंदीवरून. यंत्र दर मिनिटाला बाहेरच्या लाइनचा दाब मोजून आपल्या मेमरी कार्डावर लिहीत असे. मास्तरांचे एक बोलणे होते, "तोंडानं सांगितलं तं गप्पा, लिवून ठेवलं तं गोष्ट." माझी उभी हयात न्यायालयाच्या दप्तरात गेली, मला आणखी काय हवे होते? मीही त्यांना सांगत असे की नोंद नसलेली गोष्ट कायद्याच्या दृष्टीने घडलेली नसते. मास्तर ते ऐकून मान हलवीत.

मग त्यांनी तक्रारीचे यंत्र केले. लाइन गेली की यंत्र स्वतः वीज कार्यालयाच्या तक्रार कक्षाला फोन लावी आणि मास्तरांच्या आवाजात निरोप सांगे. त्याला तीन निरोप होते. पहिला, लाइन गेल्याचा. दुसरा, दाब कमी झाल्याचा. हे दोन्ही आपोआप जात. तिसरा, तार तुटून पडल्याचा. तो जावा म्हणून भिंतीवर एक लाल बटण होते आणि ते माणसानेच दाबायचे होते. पहिल्या दोन निरोपांचे मसुदे मी लिहून दिले. तिसऱ्याचाही दिला होता. "विषयांकित ठिकाणी विद्युतवाहिनी तुटून पडली असून" अशी त्याची सुरुवात होती. मास्तर वाचून हसले.

"तार जमिनीवर पडली असन तं विषयांकित कोन म्हनन जी?"

त्यांनी तो निरोप आपल्याच शब्दांत बोलून ठेवला. "तार तुटून खाली पडली आहे. तारेत करंट आहे. गल्लीत लेकरं आहेत. लाइन बंद करा अन् मानूस पाठवा. मी इथंच उभा आहे." शेवटच्या वाक्याला मी हरकत घेतली. यंत्र बोलेल तेव्हा तुम्ही तेथे उभे असालच असे नाही, आणि मग ते विधान असत्य ठरेल, असे मी म्हणालो.

"तार पडल्यावर मी दुसरीकडं कुठं जाईन?" त्यांनी खरोखरच न समजून विचारले.

आता माझा वाटा. यंत्र लाइन गेल्यावर पाच मिनिटे थांबत असे आणि तोवर लाइन आली नाही तरच फोन लावीत असे. मास्तरांनीच ते तसे ठेवले होते. होळीनंतर उन्हाळ्याचा भार वाढला, लोंबणाऱ्या तारा वाऱ्याने एकमेकींना लागू लागल्या, आणि लाइन दिवसातून अनेकदा क्षणभर जाऊ लागली. मी त्यांना सांगितले की ही पाच मिनिटे काढून टाका. प्रत्येक वेळेची तक्रार झाली पाहिजे, म्हणजे तारा सैल आहेत याचा पुरावा त्यांच्याच दप्तरात तयार होईल.

मास्तर थोडे घुटमळले. "त्या ऑफिसातल्या पोराइले तरास होईन ना जी. लाइन तं येऊन जाते."

"त्यांना त्रास व्हावा म्हणूनच तक्रार असते," मी म्हणालो.

त्यांनी पाच मिनिटे काढली. त्यानंतर यंत्र प्रत्येक झटक्याला फोन करू लागले. मी ते ऐकून समाधानी होत असे. गल्लीही समाधानी होती. आमच्याकडे लाइन गेली की पूर्वी चार घरांतून फोन जात. आता कोणीही आपला मोबाइल उचलत नसे. ओट्यावर बसल्या बसल्या लोक म्हणत, "मास्तरच्या मशीननं केला असन." आणि तिने केलेला असे.

बुद्धपौर्णिमेनंतरच्या गुरुवारी मी वर्ध्याला होतो. त्याच तारांविषयीचे माझे पुढचे पत्र जिल्ह्याच्या कार्यालयात देण्यासाठी सकाळच्या एसटीने गेलो होतो. पत्र दिले, शिक्का घेतला आणि पोचपावती खिशात ठेवून चहा प्यालो. पुढचे मला समोरच्या घरातील बाईंनी सांगितले. नदीकाठी त्यांचा भाजीचा मळा आहे. पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, बाजारात विकून त्या दुपारी घरी येतात. त्यांचे शब्द मी त्याच आठवड्यात लिहून घेतले आणि त्यांना वाचून दाखवले.

"तीनच्या पुढं वारा आला जी. फटकन आवाज झाला अन् तार खाली. नळ येऊन गेलता, गल्लीत पानी साचलं होतं. पोट्टे तिथंच खेळून राह्यले होते. मास्तर बांबू घेऊन धावत आले. सगळ्या पोट्ट्याइले ओट्यावर चढवलं. मी म्हटलं, भाऊजी, फोन लावू का? थे म्हने, बटन दाबून आलो, मशीन लावून राह्यली. मंग मी कायले लावू?"

"नंतर?"

"नंतर काय, उभे होते. पायात रबरी चपला, हातात सुकला बांबू. कोनी आलं की वरडत. मी चहा नेला तं म्हने, तिथंच ठेव, इकडं येजो नको. चहा तिथंच राह्यला. मी दोनदा इचारलं, आले नाईत का हो अजून? थे म्हने, येतीन ना, निरोप गेला आहे."

दोन तास. वीज कार्यालय आमच्या गल्लीपासून मोटारसायकलने दहा मिनिटांवर आहे. या दोन तासांत गल्लीतील प्रत्येक घरी किमान एक चालू मोबाइल होता. मी कोणालाही दोष देत आहे असे समजू नका. मी नोंद करत आहे.

पाचच्या सुमारास एक मोकाट गाय गल्लीत आली. मास्तरांनी तिला बांबूने वळवले. ती वळली, पण बुजून उलट्या बाजूला गेली आणि तार तिच्या शिंगात अडकली. गाय कोसळताना तार उसळली आणि मास्तरांच्या मानेवर आली. काय करू नये हे त्या गल्लीत ज्या एका माणसाला पूर्णपणे ठाऊक होते, त्याने त्यातले काहीही केले नव्हते.

ताई घरात होत्या. यंत्र दर थोड्या वेळाने मास्तरांच्या आवाजात म्हणत होते, "फोन लागला नाई. पुन्हा लावतो." कार्यालयाचा फोन व्यस्त मिळणे नेहमीचेच, म्हणून ताईंना त्यात वेगळे काही वाटले नव्हते. बाया धावत आत आल्या आणि मास्तर गेल्याचे त्यांनी सांगितले. तेवढ्यात यंत्र पुन्हा बोलले. ताई म्हणाल्या, "मंग थे कोन बोलून राह्यलं?"

त्यानंतर गल्लीतील एकाने मोटारसायकल काढली. थोड्याच वेळात लाइन बंद झाली. मी एसटीतून उतरलो तेव्हा गल्लीत माणसे होती आणि आवाज नव्हता. पोचपावती माझ्या खिशात होती. तिच्यावर त्याच दिवसाचा शिक्का आहे.

अहवाल आल्यावर मी उपअभियंत्यांना भेटलो. ते माझ्याशी अदबीने बोलले, हे नमूद करतो.

"नाझरसाहब, घर में बॅटरी थी ना? मशीनें लगाई थीं ना? परमिशन थी क्या?"

मी त्यांना कार्डावरील नोंद छापून दाखवली. तार आमच्या घरांच्या पुढे तुटली होती, म्हणून मास्तरांच्या घरी कार्यालयाची लाइन शेवटपर्यंत येत होती. तार पडल्यापासून ते मोटारसायकल कार्यालयात पोचेपर्यंत प्रत्येक मिनिटाला बाहेरच्या लाइनचा पूर्ण दाब लिहिलेला आहे. बाहेरची लाइन सुरू असताना त्या सागवानी तुकड्यामुळे बॅटरी सुरूच होऊ शकत नव्हती. वीज कोणाची होती हे सांगण्यास आणखी काय हवे? ते म्हणाले की घरगुती यंत्राची नोंद अशी स्वीकारता येणार नाही. यंत्र ज्याच्या ताब्यात होते त्याचे प्रमाणपत्र लागेल.

"ते वारले आहेत. अहवाल त्यांच्याच मृत्यूचा आहे."

"तो फिर सर्टिफिकेट कैसे देंगे?" त्यांनी विचारले. त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

पोळ्यानंतर माहितीच्या अधिकारातील उत्तर आले. त्या दिवशी त्या क्रमांकावरून कोणतीही तक्रार प्राप्त नाही, असे त्यात होते. यंत्राच्या नोंदीत मात्र त्या दुपारी ओळीने फोन लावल्याच्या नोंदी आहेत आणि प्रत्येकीपुढे "व्यस्त" असे आहे. या दोन कागदांतील अंतर मला एका लाइनमनने समजावले. तो घरी आला, चपला बाहेर काढून दाराशीच बसला. त्याचे नाव मी लिहिणार नाही. ते मी त्याला वचन दिले आहे.

"काकाजी, मास्तरनं मले शिकवलं आहे. म्हनून आलो. थो नंबर आमच्याकडं बंद करून ठेवला होता. लाइट गेली, लाइट गेली, दिवसातून पंधरा डाव थेच. बोलनारा आयकत बी नाई, त्याले सांगावं तरी काय? साहेबाले इचारून ब्लॉकमदी टाकला."

"केव्हा?"

"अक्षयतृतीयेच्या आधीच."

म्हणजे कार्यालयाचे उत्तर अक्षरशः खरे होते. त्या दिवशी तक्रार प्राप्त नव्हती, कारण ती प्राप्त होणार नाही अशी तजवीज केली होती. नोंद नसलेली गोष्ट घडलेली नसते, हे मी मास्तरांना शिकवलेले वाक्य त्यांनी शिक्का मारून माझ्याकडे परत पाठवले. आणि ती पाच मिनिटे यंत्रात राहिली असती, तर तो क्रमांक बंद करण्याइतका त्रास त्या कार्यालयाला झाला नसता, हेही मला त्या दाराशी बसलेल्या मुलासमोर समजले. त्याला मी चहा दिला. त्याने तो घेतला नाही.

पुढे बरीच पत्रे झाल्यावर कार्यालयाने कळवले की मृताच्या वारसाने प्रमाणपत्र दिल्यास व मूळ यंत्र जमा केल्यास फेरविचार होईल. मी ताईंकडे गेलो. अंगठा कोठे करायचा हे दाखवले आणि यंत्र द्यावे लागेल हे सांगितले.

"सगळे आवाज जातीन?"

"सगळे."

"टाकीचा बी?"

"तोही."

त्यांनी अंगठा केला. मग म्हणाल्या, "थे तिसरं बटन दाबा जी एक डाव. लोक सांगतात, मी थे कदी आयकलंच नाई. त्या दिवशी नुसतं फोन लागला नाई, फोन लागला नाई, थेच येत होतं."

सिमकार्ड नसले की यंत्र निरोप घरातच मोठ्याने बोले, चाचणीसाठी मास्तरांनी तशी सोय ठेवली होती. मी सिमकार्ड काढले आणि लाल बटण दाबले. मास्तर बोलले. तार तुटून खाली पडली आहे. तारेत करंट आहे. गल्लीत लेकरं आहेत. लाइन बंद करा अन् मानूस पाठवा. मी इथंच उभा आहे.

ताईंनी पदर सावरला. "खोटं नाई बोलले," त्या म्हणाल्या, आणि भिंतीवरून हात फिरवत जाऊन त्यांनी स्वतः प्लग काढला.

यंत्र दसऱ्यानंतरच्या सोमवारी जमा केले. त्याची पावती आहे. ते त्या कार्यालयातील लोखंडी कपाटात आहे आणि माझ्या प्रत्येक स्मरणपत्राला एकच उत्तर येते की तपासणीसाठी तज्ज्ञ उपलब्ध झालेला नाही. ताई आता पाण्याच्या दिवशी टाकीखाली स्टूल टाकून बसतात आणि पाणी अंगावर सांडले की मोटार बंद करायला उठतात. फाटक वाजले की ते नुसते वाजते. यंदा कूलर बाहेर निघाले तेव्हा खडू घेऊन कोणी आले नाही. बाया प्लग लावण्यापूर्वी क्षणभर थांबतात, इतकेच.

म्हणून माझी मागणी अशी. अहवालावर सही करणाऱ्या उपअभियंत्यांनी ते यंत्र कपाटातून काढावे. त्यास तज्ज्ञ लागत नाही, प्लग लागतो. ते आमच्या गल्लीत आणावे, ताईंना आणि गल्लीतील सर्वांना समोर बसवावे आणि लाल बटण स्वतःच्या हाताने दाबावे. निरोप अर्ध्या मिनिटाचा आहे. उपअभियंतासाहेब, गेल्या वेळी तो ऐकायला आपल्या बाजूला कोणी नव्हते. या वेळी आपण असाल. तेव्हा आपण सर्वांदेखत उत्तर द्यावे की लाइन का बंद झाली नाही, आणि नंतर ती तीन वाक्ये मास्तरांच्या ओट्यावर बसून खोडावीत.

माझे उत्तर मी दिले आहे. ती पाच मिनिटे मी काढायला लावली, आणि हे मी आपल्यासमोर, गल्लीसमोर पुन्हा सांगेन. आता आपले उत्तर हवे. माणूस पाठवा असे त्यांनी म्हटले होते. आपण या.